दंडातली ताई

नरकचतुर्दशीची पहाट. सासूबाई नातवाला पाटावर बसवून तेल चोळत होत्या. पाठ झाली, छाती झाली, उजवा हात झाला, आणि डाव्या दंडावर आल्यावर त्यांचा तेलकट अंगठा जागच्या जागी थांबला.

"सानिका, इकडे ये गं जरा. हे तांदळाएवढं होतं ना? आता वाटाण्यासारखं लागतंय हाताला."

सानिका बादलीत हात घालून पाण्याचा अदमास घेत होती. थंडीनं वर आलं असेल, असं तिनं वळून न बघताच सांगितलं. सांगताना तिचं तिलाच कळलं, की हे वाक्य आपण कधीपासून तयार ठेवलं होतं. एरवी निनूची आंघोळ ती दुसऱ्या कुणाला घालू देत नसे. पण दिवाळीची आंघोळ आजीच्या हातची, असा हट्ट निनूनंच धरला होता, आणि सणासुदीला सासूबाईंना नाही कसं म्हणायचं?

चार वर्षांचा निनू कुडकुडत म्हणाला, "आजी, ताईला पण लाव ना तेल. तिलापण थंडी वाजतीये."

टॉवेल खांद्यावर टाकून आपल्या पाळीची वाट बघणारा तन्मय पुढे आला. सांगलीत त्याचं चष्म्याचं दुकान. डोळ्यांचे नंबर आता इंजेक्शननं जातात, त्यामुळे फ्रेमा शोभेपुरत्या खपतात. पण काच पारखायची बोटांची सवय काही गेली नव्हती. त्यानं ती गाठ चिमटीत धरून हलवून पाहिली, मग बायकोकडे पाहिलं.

"कधीपासून आहे?"

खोटं बोलायची तिची तयारी होती. ऐनवेळी जमलं नाही.

"गणपतीपासून," ती म्हणाली.

बाहेर पहिला फटाका वाजला. निनूनं दोन्ही कान उघडेच ठेवले आणि उजवा हात डाव्या दंडावर दाबून धरला. ताई घाबरते म्हणून.

दंडात ताई आहे हे पोराला कुणी शिकवलं, यावरून त्या घरात पूर्वी एकदा भांडण झालं होतं. तन्मयनं शिकवलं नव्हतं आणि सासूबाईंनीही नाही. म्हणजे उत्तर उघडच होतं. पण सानिकाच्या मते ते शिकवणं नव्हतं. जे खरं होतं ते तिनं सांगितलं होतं, इतकंच.

निनूच्या आधीची पर्णी. तिच्या टाळूला काकवीसारखा वास यायचा. ताज्या, गरम काकवीचा. सानिका दूध पाजताना नाक तिच्या जावळात खुपसून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमची पर्णी गुळाची आहे. सूक्ष्मजीवशास्त्रातली पदवी घेतलेली, दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली ही बाई. टँकरचं झाकण उघडलं की आतलं दूध संध्याकाळपर्यंत टिकेल की नाही हे वासावर सांगायची, आणि तिचं म्हणणं चुकायचं नाही. तिला आपल्या लेकीच्या डोक्याचा वास ओळखता आला नाही. तो आजाराचा वास होता. अन्नातली काही द्रव्यं पर्णीच्या शरीराला मोडता येत नव्हती. ती रक्तात साठत होती आणि घामातून गोड होऊन बाहेर पडत होती. पहिला वाढदिवस झाला, त्यानंतर साधा ताप आला, आणि पर्णी झोपली ती उठलीच नाही. आजाराचं नाव कळलं ते त्यानंतर. तेव्हा निनू सानिकाच्या पोटात होता, आणि तपासणीत निघालं, की तोच दोष त्याच्याही अंगात आहे.

पुण्याच्या केंद्रातून फोन आला तो त्याच सुमारास. पर्णीच्या जन्माच्या वेळी जपून ठेवलेल्या नाळेतल्या पेशी त्यांच्याकडे होत्या. त्या पेशींवर काम करायची परवानगी द्याल का, असं डॉक्टर मंगळवेढेकरांनी विचारलं. निनूच्या स्वतःच्या पेशी तयार करायला वर्ष लागलं असतं आणि तेवढा वेळ निनूकडे नव्हता. बहिणीच्या पेशींना भावाचं शरीर परकं मानणार नव्हतं, तसा मेळ चाचणीत दिसला होता. सानिकानं सही करायला क्षणही लावला नाही. तन्मयनं लावला, पण केली.

काम अवघड होतं, कारण निनूला एक प्रथिन देऊन भागणार नव्हतं. तीन प्रथिनं हवी होती, आणि ती तिघं एकमेकांना धरून उभी राहिली तरच त्यांचं यंत्र चालतं. पेशीत तीन जनुकं वेगवेगळी घातली, तर एखादी पेशी दोनच बनवते, एखादी एकच भरमसाट बनवते, आणि जोडीदार नसलेलं प्रथिन पेशीत कचऱ्यासारखं साचतं. म्हणून केंद्रातल्या लोकांनी ती जनुकं एकाच धाग्यात ओवली. पेशी तो धागा एका टोकापासून वाचायला लागते आणि पहिलं प्रथिन विणत जाते. मधे एक छोटा सांधा येतो. ही युक्ती विषाणूंकडून उचललेली. त्या सांध्याशी विणणाऱ्या यंत्राचा एक टाका सुटतो, तयार झालेलं प्रथिन गळून वेगळं होतं, पण यंत्र थांबत नाही. तिथूनच दुसरं विणायला घेतं. एकच निरोप, एकच वाचन, आणि सगळी प्रथिनं जवळपास सारख्या मापात.

सासूबाईंना हे समजावताना सानिकाच्या हातात सोऱ्या होता. ती म्हणाली होती, "आई, हे बघा, दांडा फिरवायचं मी थांबवते का? चकली पुरी झाली की बोटानं तोडते आणि पुढची सुरू. पीठ तेच, सोऱ्या तोच."

"आणि शेवटची कायम आखूड येते," सासूबाई म्हणाल्या होत्या. "ती तुझ्या नवऱ्याला."

ते खरंच होतं. धाग्याच्या शेवटी जे असतं ते थोडं कमी बनतं. आणि शेवटी, तीन प्रथिनांच्या मागे, त्यांनी चौथं ओवलं होतं. हे चौथं पेशीत नुसतं निजून असतं. एका ठरावीक गोळीनंच ते जागं होतं, आणि जागं झालं की ज्या पेशीत आहे तिलाच आतून मोडून टाकतं. उद्या पेशी बिथरल्याच तर उपाय हाताशी असावा म्हणून. त्याच धाग्यात अशासाठी, की जी पेशी औषध बनवील तिच्या पोटात तिचं मरणही असलंच पाहिजे. एकाला सोडून दुसरं मिळता कामा नये. डॉक्टरांनी हे सगळं नीट सांगितलं होतं. सानिकानं पहिली तीन ऐकली. चौथं कानावरून गेलं.

तांदळाच्या दाण्याएवढ्या कुपीत त्या पेशी भरून निनूच्या दंडात, कातडीखाली ठेवल्या. काकवीचा वास त्याच्या टाळूला कधी आलाच नाही. निनू रांगला, चालला, बोलला. पर्णीनं जे केलं नव्हतं ते ते सगळं तो करत गेला, आणि सानिका रोज आंघोळीच्या वेळी बोटानं दाणा चाचपून मनात म्हणायची, तूच करतेयस गं बाई हे. पुढे ती मोठ्यानं म्हणायला लागली. मग निनू जेवताना पहिला घास दंडाला लावून मग तोंडात घालायला लागला. सासूबाई म्हणायच्या, आमच्यात देवाला नैवेद्य दाखवतात, हा दंडाला दाखवतो. पण त्याही अडवत नसत. भाऊबीजेला सानिका तबकात पर्णीचे चांदीचे वाळे ठेवायची आणि तिच्या वतीनं निनूला ओवाळायची. तन्मय तेवढा वेळ दुकानात काहीतरी काम काढायचा.

आणि गणपतीत, आरतीसाठी निनूला सदरा घालताना, तिच्या बोटाला दाणा मोठा लागला. घाबरायला हवं होतं. तिला मात्र हसू फुटलं होतं. ताई वाढतेय, असं तिच्या मनात आलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी ते काढून घेतलं असतं.

दिवाळीतच ते निनूला घेऊन पुण्याच्या केंद्रात गेले. डॉक्टर मंगळवेढेकर पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. गाठीची प्रतिमा पडद्यावर होती, तरी त्या तिच्याकडे बोट न दाखवता सानिकाकडेच बघून बोलल्या. आपण ओवलेला धागा पेशीच्या गुणसूत्रात जिथं जाऊन बसला, त्याच्या शेजारीच वाढीला आवर घालणारं कुलूप होतं, आणि ते हळूहळू सैल झालंय. "आपण यांना काम करायला सांगितलं होतं, वाढायला नाही," त्या म्हणाल्या. "काही पेशी कुपीच्या बाहेर पडल्यात. अजून दंडातच आहेत. पण वाट बघता येणार नाही."

सानिकानं विचारलं, की गाठ कापून काढता येईल का. आणि काढल्यावर ती ठेवता येईल का, कुठेतरी, थंडीत.

"कुपी निघेल. बाहेर पडलेल्या पेशी हाताला लागणार नाहीत. त्यांना फक्त गोळी गाठू शकते."

"पण तुमच्याकडे गोठवलेल्या असतील ना? आमच्या पर्णीच्या, मुळातल्या?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. नाळ लहान होती, त्या म्हणाल्या. होतं ते सगळं याच कामी आलं. आणि त्यातूनच बनवून गोठवलेल्या कुप्यांत हाच दोष होता. त्या काल संध्याकाळी नष्ट केल्या. "तुम्हाला आधी विचारावं का, हे मला ठरवता आलं नाही. नियम विचारायला सांगत नाही. पण मला वाटून गेलं."

म्हणजे जगात पर्णीचं जे काही जिवंत होतं ते शेजारच्या खोलीत, नर्सबरोबर गाडी गाडी खेळणाऱ्या पोराच्या दंडात होतं.

पुढचं तन्मयनं विचारलं आणि डॉक्टरांनी त्यालाच सांगितलं. गोळी दोनदा द्यायची. चौथं प्रथिन धाग्याच्या शेवटी असल्यानं काही पेशींत ते फारच थोडं असतं. त्या पहिल्या गोळीतून वाचतात. म्हणून आठवड्यानं दुसरी, ती घरी दिली तरी चालेल. त्यानंतर उजव्या दंडात नवी कुपी. तिच्यातल्या पेशी कुणा अनोळखी दात्याच्या, पण आता अशा सजवल्यात की कुठलंही शरीर त्यांना परकं मानत नाही. नव्या पेशींतही तेच चौथं प्रथिन आहे, त्यामुळे जुन्या पेशी पुऱ्या संपून गोळी अंगातून उतरल्याशिवाय नवी कुपी बसवता येत नाही. मधले दिवस भाताची पेज, फळं आणि केंद्रातली भुकटी, दुसरं काही नाही. काकवीचा वास आला तर घाबरू नका, पण पुढच्या गोळीला वेळ लावू नका.

पहिली गोळी तिथंच दिली. निनूला रात्रभर ताप होता. दंड लाल झाला, आणि सकाळी गाठ पिकलेल्या करवंदासारखी मऊ लागली.

परतीच्या वाटेवर निनू मागच्या सीटवर झोपला होता. गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे दोघांना समोर रस्त्याकडे बघत बसायचं निमित्तही नव्हतं. सातारा मागे पडला. मग सानिका म्हणाली, की त्यांनी विचारायला हवं होतं, नष्ट करण्याआधी निदान दाखवायला हवं होतं.

"काय दाखवणार होते? नळी?" तन्मय म्हणाला.

"तुला काहीच वाटत नाही."

त्यानं मागे वळून निनू झोपलाय ना ते पाहिलं. मग आवाज न चढवता म्हणाला, "मी एकदा पुरलंय तिला, सानिका. तू रोज आंघोळीच्या वेळी तिला वर काढतेस. रोज. आणि मी रोज ते बघतो."

एवढ्या लहान लेकराला त्यांच्यात अग्नी देत नाहीत. बापानं हातांवर उचलून नेलं होतं, बरोबर चुलते होते, आणि सानिका दारात उभी होती. बायका जात नाहीत. कुठं पुरलं हे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. त्या दारातून पर्णी गेली, पण मातीआड गेलेली तिनं पाहिली नव्हती. मग नाळेचा फोन आला, आणि तिच्या लेखी ती परत आली.

त्या वर्षीची भाऊबीज तशीच गेली. तबक तयार होतं, वाळे घासून ठेवले होते. सासूबाईंनीच ते उचलून कपाटात ठेवले आणि या खेपेला पोराला ताप आहे एवढंच म्हणाल्या. पोराचा ताप तेव्हा उतरलेला होता.

दुसऱ्या गोळीचा दिवस उजाडला. सासूबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. दुपारची वेळ, तन्मय दुकानात. गोळी देव्हाऱ्याच्या फळीवर होती. निनू जमिनीवर चटई टाकून रंगवत होता. सानिका त्याच्याजवळ बसली आणि दंडावर बोट ठेवलं. मऊ गाठ आता जवळजवळ विरली होती. खोल, आत, अगदी बारीक काहीतरी लागलं. मोहरीएवढं. की तिला तसं वाटलं.

आखूड चकल्या. चौथं ज्यांच्या वाट्याला पुरेसं आलं नाही त्या. पहिल्या गोळीतून वाचलेल्या.

ही गोळी तिनं मोरीत टाकली असती, तर कुणाला कळणार होतं? दिली म्हणून सांगायचं, पुढच्या आठवड्यात नवी कुपी बसली असती, निनूचं औषध सुरू झालं असतं, आणि मोहरीएवढी पर्णी आपल्या भावाच्या दंडात राहिली असती. फार मागत नव्हती ती. मोहरीएवढं. आपण लक्ष ठेवू, ती स्वतःला सांगत होती. रोज बघू. आपल्याइतकं लक्ष कोण ठेवतं?

निनूनं कुशीत डोकं घातलं. ती वाकली आणि तिच्या नाकाला वास आला.

काकवीचा. ताज्या, गरम काकवीचा.

क्षणभर, अगदी एक क्षणभर, तिच्या मांडीवर पर्णी होती. तेच जावळ, तीच टाळू, तोच गोडवा. तिनं डोळे मिटून खोल श्वास घेतला. आणि तो श्वास छातीत असतानाच तिला कळलं की आपण काय हुंगतोय. एकदा या वासाला आपण गूळ म्हणालो. एकदा गाठीला वाढ म्हणालो. दोन्ही वेळा आपलं लक्ष होतं. सगळ्यांपेक्षा जास्त होतं.

तिनं तन्मयला फोन लावला. "घरी ये," एवढंच म्हणाली. तो दुकान उघडं टाकून आला, शेजारच्याला सांगून. चप्पल काढायच्या आधी त्यानं पोराकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या वाटीकडे. वाटीत मध होता, गोळी अजून घातलेली नव्हती.

"मला सांग," ती म्हणाली. "तिला ठेवलंस तेव्हाचं."

तन्मय भिंतीला टेकून खाली बसला. नदीच्या वरच्या अंगाला, चिंचेखाली, त्यानं सांगितलं. खाली मीठ घातलं, वर मीठ घातलं. काकांनी कापड घट्ट गुंडाळायला सांगितलं होतं. त्यानं थोडं सैल ठेवलं. ठेवताना तिची मान एका बाजूला कलली. सगळे म्हणाले, चल आता, माती लोट.

"मी परत आत उतरलो," तो म्हणाला. "मान सरळ केली. एवढंच केलं. मग लोटली."

सानिकानं गोळी वाटीत टाकली आणि चमच्याच्या पाठीनं चुरडली. मधात ती विरघळेपर्यंत ढवळत राहिली. तन्मय उठून वाटी घ्यायला पुढे झाला, तर तिनं मान हलवली.

"तू एकदा केलंस," ती म्हणाली. "आता मी."

निनूनं विचारलं, औषध कडू आहे का. थोडं, ती म्हणाली. मग त्यानं विचारलं, ताईला पण कडू लागेल का?

"नाही रे. तिला कळणारसुद्धा नाही. तिला झोप आलीये."

त्यानं चमचा तोंडात घेतला, तोंड वाकडं केलं, गिळला. तिनं त्याला मांडीवर घेतलं आणि त्याच्या दंडाखाली आपला तळवा ठेवला. त्याचा हात अवघडलेला होता, तो तिनं सरळ केला. तो झोपला तरी तळवा काढला नाही. तन्मय शेजारी बसून राहिला. दुकानातून फोन आला, तो त्यानं घेतला नाही. उन्हं चटईवरून भिंतीवर गेली, भिंतीवरून बाहेर गेली. सासूबाई परतल्या, दारातूनच काय ते समजल्या, आणि पदरातला हळदीकुंकवाचा पुडा घेऊन आत न जाता पायरीवरच बसल्या.

पुढच्या आठवड्यात उजव्या दंडात नवी कुपी बसली. तीन-चार दिवसांत टाळूचा वास गेला. सानिका रोज हुंगून खात्री करून घेत होती, आणि रोज वास नाही म्हणून देवाला हात जोडत होती, आणि जोडलेले हात तसेच डोळ्यांवर ठेवत होती.

नेहमीचं जेवण पुन्हा सुरू झालं त्या दिवशी सासूबाईंनी वरणभात केला, वर तुपाची धार. निनूनं घास केला आणि सवयीनं डाव्या दंडाकडे नेला. मधेच थांबला. मग उजव्या दंडावरचा छोटा टाका निरखून पाहिला.

"आई, यात कोण आहे?"

तन्मयनं ताटातून मान वर केली नाही.

"कुणी नाही," सानिका म्हणाली. "औषध आहे."

निनू घास हातात धरून विचार करत बसला. तूप त्याच्या मनगटावरून ओघळलं. इकडे नाही, तिकडेही नाही. पहिला घास कुठे लावायचा हे त्याला कळेना. शेवटी त्यानं हात लांब केला आणि तो तिच्या तोंडापाशी आणला.

"मग तू खा."

तिनं तोंड उघडलं. घास चावता आला नाही, तसाच गिळला.